कांदा-लसूण गेला, गोडा आला: एका मसाला युनिटच्या कॉस्टिंगच्या नोंदी

मी बाहेरून आलेली कॉस्टिंगची, म्हणजे कुठल्या मालाला किती खर्च पडतो या हिशेबाची सल्लागार. युनिट सांगलीजवळ, कुपवाड एमआयडीसीत. नाव देत नाही. रकमा गोल केल्या आहेत, त्यांचं आपसातलं प्रमाण ठेवलं आहे.

2 जुलै 2024

शेठचा प्रश्न सरळ आहे. महिन्याला तीस टन माल बाहेर पडतो, विक्री दरवर्षी वाढते, मग हातात पैसा का राहत नाही? त्यातच लोणची करणाऱ्या एका मोठ्या गिऱ्हाइकाची सुट्या हळदीची ऑर्डर किलोमागे पाच रुपयांच्या फरकाने हुकली. "समोरचा तोट्यात विकतोय," हे शेठचं निदान. असेलही. पण आधी आपला आकडा कुठून आला ते बघायला हवं.

कच्चा माल, पिशवीची फिल्म आणि थेट मजुरी ज्या त्या मालावर पडते, तिथे गोंधळ नाही. बाकी सगळं, म्हणजे दळणाची वीज, मशीनची देखभाल, फिटर, लॅब, गोदामाचा माणूस, ऑफिस, भाडं, सिक्युरिटी, एकाच रकमेत जमा होतं. गेल्या वर्षाचे बारा महिने घेऊन सरासरी काढली: महिन्याला 6,00,000 रुपये. भागिले 30,000 किलो. किलोला 20 रुपये ओव्हरहेड (थेट कुठल्या एका मालावर न पडणारा खर्च), मग ती हळद असो की गोडा मसाला.

मालाची विभागणी अशी: हळद 22,000 किलो, मिरची पूड 5,000, कांदा-लसूण मसाला 2,400, गोडा मसाला 600. म्हणजे सहा लाखांतले 4,40,000 एकटी हळद उचलते आणि गोड्याच्या वाट्याला येतात 12,000.

धाकट्या शेठच्या मते गोडा मसाला हे आपलं सगळ्यात फायद्याचं पाकीट आहे. 50 ग्रॅमचं पाकीट वितरकाला 30 रुपयांना जातं. माल 19 रुपये, फिल्म आणि मजुरी 3, ओव्हरहेड 1. सुटतात 7 रुपये. यावर्षी गोडा दुप्पट करायचा त्यांचा विचार आहे.

3 जुलै

दिवसभर खाली शेडमध्ये. ऑफिसात बसून हे काम होत नाही, टॅलीतल्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) खात्यांना माणसं कुठे धावतात ते माहीत नसतं.

पल्व्हरायझर, म्हणजे दळणाचं मशीन, एकच आहे आणि सगळा माल त्यातूनच जातो. सकाळपासून कांदा-लसूण चालू होता, साडेअकराला संपला. पुढे गोडा लावायचा होता. मग जे सुरू झालं ते पूर्ण पाहिलं. जाळी काढली. आतल्या भिंतीला सुक्या खोबऱ्याच्या तेलाने मसाल्याचा थर धरलेला, तो पत्र्याच्या उलथन्याने खरवडला. हातोड्यांच्या फटीत कॉम्प्रेसरची हवा मारली, वरच्या कापडी पिशव्या उतरवून झटकल्या, जाळी गरम पाण्यात टाकली. पुसलं, ब्लोअर लावून वाळवलं. मग पाच किलो तांदूळ दळला. पीठ गुलाबीसर आलं. प्रॉडक्शनचे मामा वाकले, चिमूटभर पीठ तळहातावर चोळून हुंगलं आणि मान हलवली. "अजून लसूण येतोय. परत घाला."

दुसऱ्या तांदळानंतर मशीन सुटलं तेव्हा अडीच वाजले होते. चार माणसं तीन तास. त्यानंतर गोडा मसाला दळला: 75 किलो, सव्वा तास.

तो तांदूळ जनावरांना जातो.

6 जुलै

धाकट्या शेठना पद्धतीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली, कारण त्यांना हे "कन्सल्टंटचं खूळ" वाटतंय.

अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग, एबीसी, हे नाव रुळलं ते 1980 च्या दशकात, अमेरिकेत. जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीच्या सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात ओव्हरहेड मुख्यतः थेट मजुरीच्या प्रमाणात वाटला जायचा. कंपनीच्याच इतर विभागांसाठी कोटेशन द्यायची वेळ आली तेव्हा दिसलं, की मोठ्या संख्येचे भाग महाग दाखवले जाताहेत आणि थोडक्या संख्येचे, सारखं सेटिंग बदलायला लावणारे भाग स्वस्त. हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी अशा कारखान्यांचा अभ्यास करून पद्धत मांडली. (याच कंपनीचा एक ट्रॅक्टर कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे, हे कळल्यावर धाकट्या शेठचा सूर जरा बदलला.)

गाभा एवढाच: माल खर्च खात नाही. माल कामं करायला लावतो, आणि ती कामं खर्च खातात. म्हणून खर्च आधी कामांवर टाकायचा, मग ज्या मालाने ते काम जितकं करायला लावलं तितकं त्याच्या नावावर. दुसऱ्या टप्प्यात ज्या मापाने वाटायचं त्याला ड्रायव्हर म्हणतात.

हुकलेली हळद आणि जॉन डिअरचे मोठ्या संख्येचे भाग यांत तत्त्वाचा फरक नाही. त्यांनी मजुरीवर वाटलं, आपण किलोवर वाटतो.

10 जुलै

कामांची यादी. शेडमध्ये विचारत गेलं तर चाळीस कामं निघतात, आणि नवीन माणसाला ती चाळीसही तक्त्यात बसवायचा मोह होतो. मी पाचावर थांबले. प्रत्येक जास्तीच्या कामाला एक वही लागते, ती भरायला माणूस लागतो, आणि तो दोन महिन्यांनी अंदाजपंचे भरू लागतो.

सहा लाखांची फोड:

दळण (वीज, ऑपरेटर, देखभाल): 2,40,000
बॅच बदलताना साफसफाई आणि सेटिंग: 1,08,000
पॅकिंग मशीन (वीज, पाकीट सील करणारे जॉ, कोडिंग म्हणजे पाकिटावर बॅच-तारखेचा शिक्का, लाइनची देखरेख): 1,20,000
लॅब तपासणी: 60,000
खरेदी आणि माल उतरवून घेणं: 36,000
भाडं, सिक्युरिटी, ऑफिस: 36,000

शेवटची रक्कम कुठल्याच मालावर टाकणार नाही. उद्या गोडा बंद केला तरी भाडं तेवढंच राहणार आणि वॉचमनही तोच. तिला वाटायला खरा ड्रायव्हर नाही. असा खर्च ओढूनताणून मालावर बसवला की तक्ता भरलेला दिसतो, पण निर्णयाच्या वेळी फसवतो.

हा खर्चाच्या पायऱ्यांचा भाग धाकट्या शेठना पटकन कळला. काही खर्च प्रत्येक पाकिटागणिक होतो: सीलिंग, कोडिंग. काही बॅचगणिक: धुणं, लॅबचा नमुना. बॅच 75 किलोची असो वा पावणेतीन हजार किलोची, धुणं एकदाच. काही खर्च तो माल यादीत आहे म्हणूनच होतो: लेबल, फॉर्म्युला, त्याचे वेगळे पुरवठादार. आणि काही कारखाना उघडा आहे म्हणून. किलोचं माप या चारही पायऱ्यांना एकाच गजाने मोजतं.

11 जुलै

आजचा दिवस वादात गेला, आणि वाद चांगला होता.

साफसफाईचा ड्रायव्हर काय धरायचा? सोपं उत्तर म्हणजे बॅचची संख्या. महिन्याला हळदीच्या 8, मिरचीच्या 8, कांदा-लसणाच्या 9, गोड्याच्या 8 बॅच होतात. पण सगळी धुणी सारखी नाहीत. हळदीच्या आधी ब्रश आणि हवा, अर्धा तास. राजापुरी हळकुंड इतकं कडक असतं की ते स्वतःच मशीन घासून काढतं, असं मामा म्हणतात. मिरचीला तास. कांदा-लसणाला दोन. गोड्याला तीन. संख्या धरली तर हळदीचं अर्ध्या तासाचं झाडणं आणि गोड्याचे तीन तास एका भावात जातात. म्हणून तास धरले:

हळद 4, मिरची 8, कांदा-लसूण 18, गोडा 24. एकूण 54 तास. 1,08,000 भागिले 54, तासाला 2,000 रुपये.

इथे मामा अडले. "मॅडम, गोड्याच्या नावावर तीन तास का? घाण कांदा-लसणाने केली. एक जाऊ जेवून उठली आणि घासायला दुसरी बसली, तसं झालं हे."

मुद्दा बिनतोड आहे. मशीन कांदा-लसणाने खराब केलं. पण कांदा-लसणानंतर पुन्हा कांदा-लसूणच लावला असता तर तीन तास धुवायची गरज नव्हती. कांदा-लसणावर मिरची लावली तर थोडासा वास चालून जातो. गोड्यालाच लसणाचा कणही चालत नाही. ज्याच्यामुळे काम करावं लागलं त्याच्यावर खर्च, हा नियम धरला तर गोडा. ज्याने राड केली त्याच्यावर, असं धरलं तर कांदा-लसूण.

खरं म्हणजे हा खर्च दोघांचाही नाही, क्रमाचा आहे. कोणानंतर कोण लागलं, यावर तो ठरतो. कॉस्टिंगच्या तक्त्यात क्रमासाठी रकाना नसतो, म्हणून सध्या धुण्याची मागणी करणाऱ्या मालावर, म्हणजे गोड्यावर टाकते. पण तक्त्याखाली ही टीप मोठ्या अक्षरात राहील. मामांना म्हटलं, क्रमाचा विचार आपण वेगळा करू.

12 जुलै

बाकीचे ड्रायव्हर पटापट ठरले. पॅकिंगला पाकिटांची संख्या: हळद 24,000 (अर्ध्या किलोची, बाकी दहा टन 25 किलोच्या गोणीत जाते, गोणी हाताने शिवतात आणि ती मजुरी आधीच थेट खर्चात आहे), मिरची 25,000, कांदा-लसूण 19,000, गोडा 12,000. एकूण 80,000. पाकिटाला दीड रुपया.

लॅबला नमुने: 8, 12, 10, 10. मिरचीला अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) तपासणी जास्त, म्हणून बारा. नमुन्याला 1,500.

खरेदीला माल उतरवण्याच्या खेपा. हळदीच्या 6 आणि मिरचीच्या 6. कांदा-लसणाच्या 16. गोड्याच्या 32! दगडफूल वेगळीकडून, नागकेशर वेगळीकडून, खोबरं, तीळ, धणे, लवंग, तमालपत्र, प्रत्येकाचं बिल, वजन, नोंद, गोदामात जागा. पाच किलो दगडफुलाला कागदपत्रं तेवढीच लागतात जेवढी ट्रकभर हळकुंडाला. एकूण 60 खेपा, खेपेला 600.

16 जुलै

दळणाचे तास. इथे एक जुनी खोड आडवी आली.

ऑपरेटरला विचारलं, दिवसभरात मशीन किती वेळ चालतं? "पूर्ण वेळ." पॅकिंगच्या काकूंना विचारलं. "बसायला वेळ कुठे असतो?" कुणीच आपला रिकामा वेळ सांगत नाही, आणि का सांगावा? घड्याळ घेऊन कुणी प्रश्न विचारू लागलं की पुढे माणसं कमी होतात, हे सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. माणसांना विचारून वेळेची टक्केवारी गोळा करायची एबीसीची पहिली पद्धत यामुळेच बदनाम झाली. सगळ्यांची बेरीज नेहमी शंभर येते. 2004 मध्ये कॅप्लन आणि स्टीव्हन अँडरसन यांनी वेळेवर आधारलेली सोपी आवृत्ती मांडली ती याच दुखण्यावर: एका कामाला किती मिनिटं लागतात आणि वापरता येण्याजोगा वेळ किती, एवढंच मोजा.

तर मोजलं. 25 दिवस, रोज 12 तास, म्हणजे 300. धुणं, जेवण, वीज जाणं, जाळी फुटणं यासाठी पाचवा हिस्सा सोडला. 240 तास खरोखर दळता येतं. प्रत्यक्ष दळण होतं 200 तास: हळद 120, मिरची 40, कांदा-लसूण 30, गोडा 10.

2,40,000 ला 200 ने भागायचं की 240 ने? 200 ने भागलं तर तासाला 1,200, आणि रिकाम्या चाळीस तासांचं ओझं गुपचूप मालावर चढतं. उद्या विक्री घटून 160 तास झाले तर दर 1,500 होईल, माल महाग दिसेल, भाव वाढवावासा वाटेल, विक्री आणखी घटेल. 240 ने भागलं तर तासाला 1,000, आणि 40,000 रुपये वेगळे उघडे पडतात: न वापरलेल्या क्षमतेचा खर्च. तो मालाचा दोष नाही. त्याचं उत्तर शेठनी द्यायचं.

उद्या आषाढी, युनिट बंद.

19 जुलै

बेरजा जुळल्या.

हळद: दळण 1,20,000, धुणं 8,000, पॅकिंग 36,000, लॅब 12,000, खेपा 3,600. एकूण 1,79,600. किलोला 8.16.
मिरची: 40,000 + 16,000 + 37,500 + 18,000 + 3,600 = 1,15,100. किलोला 23.02.
कांदा-लसूण: 30,000 + 36,000 + 28,500 + 15,000 + 9,600 = 1,19,100. किलोला 49.63.
गोडा: 10,000 + 48,000 + 18,000 + 15,000 + 19,200 = 1,10,200. किलोला 183.67.

चौघांची बेरीज 5,24,000. रिकामी क्षमता 40,000, कारखानाभराचे 36,000. सहा लाख पूर्ण.

किलोला 20 ऐवजी 184 रुपये! गोड्याच्या पाकिटाचा ओव्हरहेड 1 रुपया नव्हे, 9.18. माल, फिल्म, मजुरी मिळून 22 आधीचेच. पाकीट पडतं 31.18 ला, विकतो 30 ला. धाकटे शेठ जे दुप्पट करायला निघालेत ते प्रत्येक पाकिटामागे एक रुपया अठरा पैसे घेऊन जातं.

आणि गोणीतली हळद? तिला पॅकिंग मशीन लागत नाही. पॅकिंग वजा केलं तर किलोला 6.53. आपण कोटेशनमध्ये 20 धरले होते आणि ऑर्डर पाच रुपयांनी हुकली.

23 जुलै

शेठना दाखवलं. ते बराच वेळ हळदीच्या ओळीकडे बघत होते. मग एकच प्रश्न: "म्हणजे हळदीला सहा-साडेसहा रुपये धरून दर द्यायचा?"

नाही. रिकाम्या क्षमतेचे आणि भाड्याचे मिळून 76,000 कुठल्याच मालावर बसवलेले नाहीत. ते सगळ्यांच्या नफ्यातून निघायला हवेत. सगळ्यांनीच नुसत्या तक्त्यातल्या आकड्यावर दर दिले तर महिन्याला 76,000 चा खड्डा. 6.53 हा दर नव्हे. घासाघीस करताना पायाखाली जमीन कुठवर आहे, ते त्यावरून कळतं.

दुसरा प्रश्न धाकट्या शेठचा, जास्त अडचणीचा: "गोडा बंद केला तर 1,10,200 वाचतील?"

तेही नाही. लॅबमधली मुलगी पगारीच राहील. दळणाचा ऑपरेटरही. धुण्याच्या 1,08,000 मधले 60,000 कायम माणसांचे पगार आहेत, 20,000 फिटर आणि सुटे भाग. तांदूळ, वाया गेलेला मसाला, गरम पाणी, ओव्हरटाइम असा खरोखर हातातून जाणारा पैसा 28,000. गोडा बंद केल्याने माणसं मोकळी होतील; त्यांना दुसरं काम मिळालं किंवा पुढची भरती टळली तरच पैसा वाचेल. तक्ता सांगतो की गोडा किती साधनं वापरतो. ती साधनं सोडली तर रोख किती सुटेल, हा वेगळा हिशेब आहे. ही दोन उत्तरं एकत्र करून टाकणारे कॉस्टिंगवाले मी पाहिलेत, आणि मग मालक म्हणतो की एबीसी खोटं सांगतं.

शिवाय शेठ म्हणाले ते कुठल्याच तक्त्यात नाही: पुण्याचे दोन वितरक गोड्यासाठी येतात आणि जाताना मिरची, हळद भरून नेतात.

27 जुलै

पाऊस. कृष्णेचं पाणी किती चढलं म्हणून सांगलीच्या आयर्विन पुलाकडे सगळ्यांचं लक्ष, निम्मी माणसं आलेली नाहीत. काम नाही.

31 जुलै

सीएंचा फोन. शेठनी त्यांना तक्ता पाठवला होता आणि विचारलं होतं की 31 मार्चचा साठा आता या दरांनी लावायचा का.

आमचं लवकर जुळलं. साठ्याची किंमत कशी लावायची ते सांगणाऱ्या लेखामानक एएस 2 प्रमाणे स्थिर उत्पादन ओव्हरहेड सामान्य क्षमतेवर वाटायचा असतो. कमी उत्पादनामुळे न वाटलेला भाग त्या काळाचा खर्च म्हणून जातो, साठ्यात बसत नाही. म्हणजे 40,000 वेगळे ठेवणं त्या विचाराशी जुळतंच. पण शेडचं भाडं आणि सिक्युरिटी हा उत्पादनाचाच खर्च आहे, साठ्याच्या किमतीत तो घ्यावा लागेल. मी निर्णयासाठी तो बाहेर ठेवला होता. ऑफिसचा खर्च मात्र साठ्यात येत नाही. पुढे वितरकवार खर्च काढला तर विक्रीचा भागही येणार नाही.

ठरलं असं की ताळेबंदाचा तक्ता त्यांच्याकडे, निर्णयाचा माझ्याकडे, आणि दोन्ही एकाच सहा लाखांवरून निघाले पाहिजेत. वर्षअखेरीस दोघांचा मेळ घालणारं एक पान.

6 ऑगस्ट

काल श्रावण लागला. कांदा-लसणाच्या ऑर्डरी निम्म्यावर, गोडा मागतायत सगळे. क्रमाचा प्रयोग करायला याहून बरी वेळ नव्हती.

11 जुलैचा मामांचा मुद्दा घेऊन आम्ही आठवडा मांडला. आतापर्यंत पद्धत अशी होती की ऑर्डर आली की दळा. त्यामुळे गोडा आठवड्यातून दोनदा, 75-75 किलो, आणि बहुतेक वेळा नेमका कांदा-लसणाच्या मागे. नवीन मांडणी: सुट्टीआधी मशीन पूर्ण धुवायचं, सुट्टीनंतर पहिला माल गोडा, एकदम 150 किलो. मग हळद, मिरची, आणि कांदा-लसूण शेवटी, सलग. त्याच्या दोन बॅचमध्ये धुणं नाही, नुसता ब्रश.

मामांची एकच हरकत होती: गोडा पडून राहिला की वास उतरतो. 150 किलो म्हणजे आठवड्याचीच विक्री, त्यामुळे फार तर आठवडाभर राहील. ते त्यांनी मान्य केलं, पण सीलबंद पिंपात ठेवायच्या अटीवर.

धुण्याचे तास मांडणीप्रमाणे: हळद 4, मिरची 8, कांदा-लसूण आठवड्याला एकदा दोन तास म्हणजे 8, गोडा चार वेळा तीन तास म्हणजे 12. एकूण 32. आधी 54.

धाकट्या शेठनी लगेच मोबाइलवर 1,08,000 ला 32 ने भागलं. "तासाचा दर 3,375 झाला, वाढला की!" हाच तो सापळा. भागाकार 32 ने करायचा नाही. 54 तासांचं सामर्थ्य आपण अजूनही पोसतोय, दर 2,000 च राहतो. सुटलेले 22 तास, म्हणजे 44,000, मोकळी क्षमता म्हणून वेगळे दाखवायचे. त्यातले रोख सुटतात ते तांदूळ, पाणी, ओव्हरटाइमचे: अंदाजे साडेअकरा हजार. उरलेलं तेव्हाच खरं, जेव्हा त्या वेळात काही निघेल.

आणि निघू शकतं. मशीनचे आधीचेच 40 तास रिकामे आहेत, हळद तासाला साधारण 183 किलो दळली जाते. म्हणजे सात टनांहून थोडी जास्त सुटी हळद, जवळजवळ याच माणसांत. हुकलेली ऑर्डर सहा टनांची होती.

8 ऑगस्ट

मसाल्याच्या बारीक वस्तूंची खरेदी महिन्यातून तीनदा करायचं ठरलं. गोड्याच्या खेपा 32 वरून 12 वर येतील. दगडफुलाचा पुरवठादार कुरकुरला, लवंगेचा नाही. नमुनेही बॅच कमी झाल्याने 10 चे 6.

नवीन हिशेबाने गोडा: 10,000 + 24,000 + 18,000 + 9,000 + 7,200 = 68,200. किलोला 113.67, पाकिटाला 5.68. पाकीट पडतं 27.68 ला. 30 ला विकलं तर 2.32 सुटतात. सात नव्हे, पण तोटाही नाही. गोडा दुप्पट करायचा बेत धाकट्या शेठनी स्वतःहून मागे घेतला आहे. त्याऐवजी 100 ग्रॅमचं पाकीट काढायचं म्हणतात. एका किलोला वीसऐवजी दहा पाकिटं, पॅकिंग मशीनचा खर्च किलोला 30 ऐवजी 15. हा विचार तक्त्यातूनच आला, आणि मी सुचवलेला नाही.

14 ऑगस्ट

तक्ता सुपूर्द. धुण्याच्या तासांची वही मामांकडे, नमुन्यांची लॅबमध्ये, खेपा गोदामाच्या रजिस्टरमधूनच मिळतात, पाकिटं मशीनच्या काउंटरवरून. वेगळी नोंद फक्त एक वाढली, ती मामांची. दर सहा महिन्यांनी बदलायचे. वीजदर किंवा पगार बदलला तर आधी.

कोटेशनसाठी वेगळं पान केलं: गोणीतली हळद, अर्ध्या किलोची हळद, आणि ऑर्डर रिकाम्या तासांत बसणारी आहे की नाही, असा एक रकाना. शेठनी त्यावर लोणचंवाल्यांना नवीन दर पाठवला.

वितरकवार खर्चाचं काम राहिलं. एक वितरक महिन्याला एकच गाडी भरतो, दुसरा दर दोन दिवसांनी चार खोकी मागवतो आणि परत येणारा मालही त्याचाच जास्त. दोघांना भाव एकच आहे. ते दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्यावर घेऊ, तोवर डिस्पॅचवाल्याला खेपा आणि परतीच्या खोक्यांची नोंद ठेवायला सांगितलं आहे.